कागदावरची भोकं

पिओरियाला मी नोकरीसाठी आलो तो 1988 साली. इलिनॉय नदीच्या काठचं, इंजिनं आणि ट्रॅक्टर बनवणारं गाव. शेजारी एक निवृत्त फिटर राहायचे. ऑक्टोबर उजाडला की त्यांना नदीकाठच्या दलदलीत मॅलार्ड बदकं दिसू लागत, अगदी स्वयंपाकघरात बसल्याबसल्यासुद्धा. मी बारा बोरची बंदूक पाहिली होती ती मामांच्या माजघरात खुंटीला टांगलेली, रानडुकरांपासून ऊस राखायच्या परवान्यावरची. बदकांसाठी बंदूक अशी पट्टीने मापून बेतायची असते, हे मात्र इथेच कळलं.

त्यांची बंदूक म्हणजे विंचेस्टर मॉडेल 12, वडिलांनी घेतलेली. तिच्यातली पहिली दुरुस्ती कायद्याने करायला लावली होती. 1935 साली अमेरिकन सरकारने बदकांच्या बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं ठेवायची असा नियम केला. हिच्यात सहा मावत. मग वडिलांनी झाडूचा दांडा कापून, तासून, काडतुसांच्या नळीत सारला. पन्नास वर्षांनंतरही तो तिथेच होता, तेल पिऊन काळा पडलेला. मॅगझिनचं टोपण काढून त्यांनी मला तो दाखवला, तेव्हा घरातला जुना दागिना दाखवावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही खडीच्या एका बंद पडलेल्या खाणीत जायचो. चौकटीवर खाकी कागद ताणायचा, मधे काळा ठिपका काढायचा, 40 यार्ड पावलांनी नव्हे, टेपने मोजायचे आणि एक बार काढायचा. मग जिथे भोकं सगळ्यात दाट तिथे खिळा ठोकून, दोरीने 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं. आतली भोकं मोजायचं काम माझं, प्रत्येक भोकाला पेन्सिलीची खूण करत. एका कागदावर भरवसा ठेवायचा नाही, निदान पाच कागद हवेत. सहस्रांश मिलिमीटरच्या गप्पा मारणाऱ्या कारखान्यातून मी येत होतो, तरी इतकी सरळ आणि इतकी निष्ठुर चाचणी मी दुसरी पाहिली नाही.

ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या ‘फील्ड’ साप्ताहिकाने 1875 साली भरवलेल्या चाचणीत भोकंच मोजली गेली आणि डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या चोकच्या बंदुकांनी बाजी मारली. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळेपणा. बारा बोरची नळी आतून साडेअठरा मिलिमीटर. फुल चोक ती तोंडाशी जेमतेम एक मिलिमीटरने आवळतो. एवढ्यावर 40 यार्डांवरच्या वर्तुळात चाळीसऐवजी सत्तर टक्के छर्रे पडतात. शोध कुणाचा यावर भांडण आहे. इंग्लंडमधल्या पेपचं पेटंट 1866 चं, अमेरिकेतल्या रोपरचं 1868 चं. आमच्या नदीवरचे लोक मात्र फ्रेड किंबलचंच नाव घेणार. किंबल याच पाण्यावरचा, बदकं मारून बाजारात विकणारा. बिघडलेल्या नळीतला चोक तो खरवडून काढायला बसला, थोडासा चुकून राहिला आणि छर्रे एकदम मुठीत धरल्यासारखे जाऊ लागले, असं सांगतात. गोष्ट रंगवलेली असेल, पण मला आवडते.

याच नदीवर, खालच्या अंगाला असलेल्या हवाना गावात, फ्रँक बेलरोज नावाचे पक्षीशास्त्रज्ञ काम करत. बदकं दाणे भरडायला खडे गिळतात. तळाच्या चिखलात पडलेले शिशाचे छर्रेही खडे समजून गिळतात आणि विषबाधेने झुरून मरतात. दरवर्षी दोन ते तीन टक्के बदकं अशी जातात, असा अंदाज बेलरोज यांनी 1959 साली मांडला. म्हणजे जो बार चुकला, तोही पुढे कधीतरी मारतच होता. त्यानंतर वाद तीस वर्षं चालला आणि 1991 च्या हंगामापासून देशभर बदकांच्या शिकारीत शिसं बंद झालं, पोलाद आलं.

शेजारी वैतागले. त्यांचं चूक नव्हतं. पोलाद शिशापेक्षा जवळजवळ एकतृतीयांशाने हलकं, वेग लवकर हरवतं. म्हणून छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्यावा लागतो, चारच्या जागी दोन नंबर. शिवाय ते दबत नाही. जुन्या नळीच्या फुल चोकमधून दाटीने जाताना तोंडाशी कडं फुगण्याची भीती. चोक अर्ध्यावर आणायचा, तर नळी आतून कापायची. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. वडिलांच्या बंदुकीला रीमर लावायचा की नाही, यावर त्यांनी अख्खा उन्हाळा काढला. ऑगस्टमध्ये एकदाचे बंदूकसाजाकडे गेले.

सप्टेंबरचे ते पाच कागद मला पाठ आहेत. काडतुसात 140 छर्रे. वर्तुळात आले 101, 96, 104, 99 आणि 100. सरासरी एकाहत्तर टक्के, अर्ध्या चोकमधून फुल चोकचं काम. छर्रे गोल राहतात, म्हणून भरकटत नाहीत. त्यांनी माझी बेरीज दोनदा तपासली आणि काहीच बोलले नाहीत.

तरी नोव्हेंबरात नेम चुकायला लागला. चाचणी सदऱ्यावर केली होती. दलदलीत अंगात जाड कोट, दस्ता काखेत अडकायचा. त्यांनी दस्ता अर्धा इंच करवतला, रबराची गादी परत बसवली आणि बर्फात, कोट घालून, पुन्हा कागद ताणला.

त्या काळात एकीकडे दांडगाई चालू होती. पोलादाची कसर भरून काढायला 1988 साली साडेतीन इंची काडतुसाची बंदूक निघाली. तिचा धक्का खांद्याला दोन दिवस पुरतो. 1997 च्या हंगामात शिशाची बंदी नसती तर चौदा लाख बदकं जास्त मेली असती, असा हिशेब नंतर मांडला गेला. तो मी त्यांना वाचून दाखवला. ‘‘बरं,’’ एवढंच म्हणाले.

मला अशा वेळी भरतपूर आठवतं. 12 नोव्हेंबर 1938 ला व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या मंडळींनी एका दिवसात 4,273 पक्षी पाडले. आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. अंगात छर्रे घेऊन उडून गेलेल्यांचा आकडा कुठल्या दगडावर नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे शिकारीचा विषयच संपवला, ते उत्तमच झालं. पण कागदापुढे उभं राहून ‘याच्यापुढे माझी बंदूक पोचत नाही, बार काढायचा नाही’ असं ठरवणारा शिकारी मी या खाणीतच पाहिला.

आता त्यांची नात येते, हलकी वीस बोर घेऊन. छर्रे टंगस्टनचे, शिशाहून दीडपट जड, मोहरीएवढे. एका औंसात साडेतीनशेच्या वर. मागच्या सप्टेंबरात 240 पर्यंत मोजून माझी गफलत झाली. तिने फोनने कागदाचा फोटो काढला, आकडा आला. मी चष्मा पुसला, आजोबांच्या खिळ्या-दोरीने वर्तुळ पुन्हा काढलं आणि पेन्सिल घेऊन पहिल्या भोकापासून सुरुवात केली.