अंतेवासी आणि बिऱ्हाड

विद्यार्थ्याला संस्कृतांत ‘अंतेवासी’ असें एक नांव आहे. गुरूच्या सन्निध राहतो तो अंतेवासी. शिकावयाचें तर शिकविणाराच्या जवळ राहिलें पाहिजे, हा सारा व्यवहार त्या एका शब्दांत आला. पुढें गुरुगृहें गेलीं, महाविद्यालयें व विद्यापीठें आलीं. परंतु जवळ राहण्याची गरज कांहीं गेली नाहीं. पुण्यास वार लावून जेवणारे व माधुकरी मागणारे गरीब विद्यार्थी हे त्या काळचे अंतेवासीच होत. हल्लीं तोच प्रश्न निराळ्या वेषानें घरोघर येतो: मुलांच्या शिक्षणासाठीं विद्यापीठाच्या शेजारीं बिऱ्हाड करावें कीं करूं नये?

आम्ही सेवानिवृत्तीनंतर मढास राहतों. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी, मध्यें कोळ्यांची वस्ती, माडांच्या बागा आणि जुना किल्ला, असें हें गांव नकाशावर मुंबईंतच आहे. येथें सावलीला तोटा नाहीं. तोटा आहे तो महाविद्यालयांचा. वर्सोव्याचा किनारा समोर दिसतो, होडी पांच-सात मिनिटांत पलीकडे नेते. पण रस्त्यानें जाऊं म्हटलें तर मार्वे-मालाडवरून वीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. २०१४ सालीं वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तिचा उपयोग खरा. मात्र धक्क्यापासून स्टेशन गांठण्यास रिक्षा आलीच. पावसाळ्यांत वारा चढला म्हणजे होडी बांधून ठेवितात, आणि परीक्षेच्या दिवशीं वारा चढणार नाहीं असा कांहीं नियम नाहीं. सकाळीं सातच्या तासाला हजर राहावयाचें तर मूल अंधारांत घर सोडतें, आणि प्रात्यक्षिकें असलीं तर दिवेलागणीसच परततें.

म्हणून येथील पालक आम्हांस विचारतात, “मास्तर, पार्ल्यास खोली घ्यावी का?”

पार्लेंच कां, हें सांगावयास हवें. लोकमान्यांच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षीं, १९२१ सालीं, तेथें पार्ले टिळक विद्यालय निघालें. १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ. त्याच विद्यालयाच्या संस्थेनें १९५९ सालीं पार्ले कॉलेज काढलें, तेंच आजचें साठ्ये महाविद्यालय. पुढच्या वर्षीं डहाणूकर, आणि १९६१ सालीं रुळांच्या पश्चिमेस मिठीबाई. शेजारच्या सांताक्रूझला महिला विद्यापीठाचें आवार, कालिन्यास मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी. पायीं म्हणा, बसनें म्हणा, सारें आटोक्यांत.

शिवाय पूर्व पार्ल्याच्या आडरस्त्यांना अजून झाडी आहे. जुन्या दुमजली-तिमजली घरांच्या कुंपणांतून आंबे, फणस, बकुळी डोकें वर काढून आहेत. ह्या सावलीचें एक कारण मोठें मौजेचें आहे. विमानतळ लगत असल्यामुळें विमानांच्या उतरण्याच्या वाटेखालीं घरांची उंची बांधून दिलेली आहे. उंच इमारत उठत नाहीं, म्हणून बांधकामवाल्यास पाडकामाची गोडी नाहीं. घर राहिलें म्हणून अंगण राहिलें, आणि अंगण राहिलें म्हणून झाड राहिलें. ज्या विमानाच्या घरघरीनें पुस्तकावरून लक्ष उडतें, त्यानेंच पुस्तकावरची सावली राखिली! अर्थात् त्या घरांतून राहणारांस हें कौतुक ऐकवूं नये. त्यांचीं छपरें गळतात, जिने झिजले आहेत, आणि घर नवें करावयाचें तर खर्च कोणी अंगावर घेत नाहीं. जेथें उंच बांधतां येतें, तेथें झाडाची गत निराळी. १९७५ च्या कायद्यानें झाड तोडण्यास परवानगी लागते हें खरें. पण बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलें म्हणजे मुळांस पाणी व वारा मिळत नाहीं, आणि झाड परवानगीवांचूनच मरतें.

आमचें उत्तर असें असतें: परिसर रम्य म्हणून बिऱ्हाड करूं नये. सावली मढासही आहे, आणि ती बिनभाड्याची आहे. जाण्यायेण्याचे रोजचे तास वांचून ते अभ्यासाच्या पदरांत पडणार असतील, तरच करावें.

परंतु ह्या विचारपुशींत एक गोष्ट आम्हांस नेहमीं बोंचते. खोलीची चौकशी होते ती मुलग्यासाठीं. मुलीची गोष्ट निघाली कीं, ‘ती काय, होडीनें जाईल,’ नाहीं तर ‘घरीं बसून परीक्षा देईल.’ अण्णासाहेब कर्व्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें तें १९१६ सालीं. १९२० सालीं विठ्ठलदास ठाकरसींनीं त्यास पंधरा लक्षांची देणगी दिली, आणि १९३६ सालीं तें पुण्याहून मुंबईस आलें. हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण अण्णांनीं आरंभ कशानें केला, हें विसरलें जातें. त्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. आधीं मुलींच्या राहण्याची सोय, आणि विद्यापीठ त्यानंतर वीस वर्षांनीं! तें विद्यापीठ आज खाडीच्या पलीकडे येऊन उभें आहे, आणि आमच्या घरांतून भाड्याचा हिशेब मात्र अजून भावाचा एका वहींत व बहिणीचा दुसऱ्या वहींत मांडतात. मुलगी परक्या ठिकाणीं राहणार ह्याची काळजी वडीलधाऱ्यांस वाटते, ती आम्ही समजतों. मग पहांटेच्या अंधारांत ती धक्क्यावर एकटी उभी राहते, त्याची काळजी कां वाटूं नये?

गेल्या वर्षीं येथल्या दोन घरांनीं ह्यावर एक तोड काढली. पार्ल्यास स्वयंपाकघरासह एक खोली दोघांनीं मिळून घेतली, दोन्ही घरच्या मुली तेथें ठेविल्या, आणि सोबतीस त्यांतल्या एकीची आजी दिली. भाडें निम्मेंनिम्म, नारळ-तांदूळ मढाहून. शनिवारीं मुली होडीनें घरीं येतात. आजी येत नाहींत. टिळक मंदिरांतलीं व्याख्यानें चुकतात म्हणतात.