चित्रयोजना, मुक्त पृष्ठमांडणी प्रणालींतील

पुस्तक, नियतकालिक किंवा भित्तिपत्रक यांच्या पृष्ठावर मजकुरासोबत छायाचित्रे व रेखाचित्रे बसवून ते पृष्ठ मुद्रणयोग्य करण्याची संगणकीय क्रिया. ज्या प्रणालींची मूळ संहिता खुली असते व ज्या कोणासही वापरता, तपासता व सुधारता येतात, त्यांना मुक्त प्रणाली म्हणतात. छायाचित्रांवर संस्कार करणारी गिंप (१९९६), रेखाचित्रांसाठी इंकस्केप (२००३) व पृष्ठमांडणीसाठी फ्रान्ट्स श्मिड यांनी सुरू केलेली स्क्रायबस (पहिली पूर्ण आवृत्ती २००३) या त्यांपैकी प्रमुख होत.

चित्रांचे प्रकार : छायाचित्र हे पिक्सेल नावाच्या रंगबिंदूंचे बनलेले असते. ते फार मोठे केल्यास बिंदू वेगळे दिसू लागतात. इंकस्केपमधील आकृती रेषा व वक्र यांच्या गणिती वर्णनाच्या रूपात साठविलेली असल्याने कोणत्याही आकारमानात रेखीव राहते. त्यामुळे बोधचिन्हे, नकाशे व आलेख शक्यतो या दुसऱ्या प्रकारात ठेवतात.

चित्रचौकट : स्क्रायबसमध्ये प्रथम चौकट आखून तीत चित्र आणतात. चौकटीबाहेरचा भाग झाकला जातो. मूळ चित्र कापले जात नाही. दस्तऐवजात सामान्यतः चित्र नसते, तर त्याच्या फाइलीचा ठावठिकाणा तेवढा नोंदलेला असतो. त्यामुळे दस्तऐवज आटोपशीर राहतो. परंतु चित्राची फाइल हलविली किंवा तिचे नाव बदलले, तर चौकट रिकामी राहते. म्हणून काम दुसऱ्या संगणकावर नेताना दस्तऐवज, चित्रे व टंक एकाच संचिकेत गोळा करण्याची सोय वापरतात.

पिक्सेलांची घनता : छापील चित्राची स्पष्टता ही पिक्सेलांची संख्या व छपाईचे आकारमान यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. इंचाला १५० ओळींच्या हाफटोन जाळीसाठी सर्वसाधारणपणे तिच्या दुप्पट, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल घेतात. १,८०० × १,२०० पिक्सेलांचे छायाचित्र या घनतेने ६ × ४ इंच छापता येते. तेच १२ इंच रुंद केल्यास घनता १५० वर येते. पिक्सेलांची संख्या नंतर कृत्रिम रीत्या वाढविल्याने हरवलेला तपशील परत मिळत नाही. पडद्यावर ठीक दिसणारे चित्र कागदावर धूसर उमटण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

रंग : पडद्यावरील रंग लाल, हिरवा व निळा या प्रकाशांच्या मिश्रणातून, तर कागदावरील रंग निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या शाईंतून निर्माण होतात. पडद्यावरील काही भडक छटा शाईत येऊच शकत नाहीत. रंगवर्णनाच्या प्रमाणित फाइली जोडल्यास स्क्रायबस छापील रंगाचा अंदाज पडद्यावर दाखविते व मुद्रणासाठी ठरविलेल्या पीडीएफ स्वरूपात पृष्ठे देते. तत्पूर्वी होणाऱ्या स्वयंचलित तपासणीत गहाळ चित्रे व अपुरी घनता यांसारखे दोष उघड होतात. हजारो प्रती छापल्यानंतर ते दुरुस्त होत नसल्याने ही पायरी टाळणे महाग पडते.

देवनागरी मथळे : स्क्रायबसच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे नीट जुळत नसत. २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ही अडचण दूर झाली. त्यामुळे चित्राखालील मराठी ओळी चित्रात न मिसळता मजकूर म्हणूनच ठेवता येतात. अक्षरांच्या कडा रेखीव उमटतात आणि चूक आढळल्यास चित्राला हात न लावता ती सुधारता येते.