शजरा, डीएनए आणि आपली मुले

नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा पाठ आहे. तो शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. एखादा मुलगा उभा राहून विचारतो, "मॅडम, आमचे दादा म्हणतात आपण अरबस्तानातून आलो. खरं का?" शेजारचा लगेच म्हणतो, "आम्ही तर अफगाणिस्तानातून!" बारामतीच्या वर्गात शेख, पठाण, सय्यद, बागवान, तांबोळी, आतार, मुलाणी अशी मुले एकाच बाकावर बसतात. प्रश्न मुलांचा असला तरी उत्तर आपल्यालाही हवे आहे. सोयरीक जमवताना आपणही तेच विचारतो, फक्त शब्द वेगळे असतात: "ते आपल्यातले आहेत का?"

आधी साधा हिशोब करू. आपल्याला आईवडील दोन, दादा-दादी व नाना-नानी मिळून चार, त्यामागे आठ. असे दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेलो, तर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. घरात जपून ठेवलेला शजरा त्यांतल्या फक्त एकाची वाट दाखवतो, बापाकडून बापाकडे जाणारी. शजऱ्यात अरबस्तानातून आलेले एक बुजुर्ग असतील, तर ते १०२४ पैकी एक. बाकीचे १०२३ कोण होते? त्यांत कितीतरी माता होत्या आणि त्यांची नावे कुणीच लिहून ठेवली नाहीत.

शास्त्रज्ञ ही न लिहिलेली नावे डीएनएमध्ये शोधतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळतो. बाकीचा डीएनए दोघांकडून निम्मा निम्मा येतो. डीएनएच्या लांबलचक मजकुरात जागोजागी एखादे अक्षर बदललेले असते. अशा बदलांची तुलना केली, की कोणता समाज कोणाच्या जवळचा हे समजते.

भारतीय मुस्लिमांवर असा एक अभ्यास २०१० साली 'युरोपियन जर्नल ऑफ ह्युमन जेनेटिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर भारतातील सुन्नी व शिया, गुजरात व तमिळनाडूतील दाऊदी बोहरा, केरळचे मापिळा आणि आंध्रातील इराणी शिया अशा सहा समाजांतील ४७२ जणांचे नमुने त्यात होते. महाराष्ट्रातले कोणी त्यात नव्हते. निष्कर्ष असा निघाला की बहुतेक मुस्लिम समाज डीएनएने आपल्या शेजारच्या बिगरमुस्लिम समाजांच्याच जवळचे आहेत. बाहेरून आलेला अंश सापडतो, पण तो थोडा, आणि तोही मुख्यतः इराण व मध्य आशियाकडून आलेला. थोडक्यात, या देशात इस्लाम पसरला तो मुख्यतः या मातीतल्या माणसांनी तो स्वीकारला म्हणून.

हे ऐकून कुणाला वाईट वाटण्याचे कारण नाही. उत्तर आफ्रिकेतही असेच दिसले. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया येथे काही लोक स्वतःला अरब म्हणवतात, काही अमाझिग म्हणजे बर्बर. दोघांच्या भाषा वेगळ्या. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोघांच्या डीएनएत ठळक सीमारेषा सापडली नाही. भाषा बदलली, ओळख बदलली, माणसे बरीचशी तीच राहिली.

याचा अर्थ समुद्रापलीकडून कोणी आलेच नाही असा नाही. आपल्या तालुक्यातले सुपे एके काळी निजामशाहीच्या मुलखात होते. त्या निजामशाहीचा कारभार पाहणारा मलिक अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन पेशवा झाला. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. गुजरात व कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या २०११ च्या अभ्यासात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञ होते. सिद्दींच्या डीएनएत ६० ते ७५ टक्के अंश आफ्रिकेतला निघाला. उरलेला मुख्यतः इथल्याच शेजाऱ्यांचा होता.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचेही तसेच. तेल्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. आपण ज्यू आहोत, असे ते पिढ्यानपिढ्या सांगत आले. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्या डीएनएत ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश मिळाले. त्यांची आठवण खरी होती, पण अर्धी. उरलेली अर्धी गोष्ट कोकणातल्या मातांची होती.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची किंवा गमतीची म्हणून सोडून देता येईल. पुढची मुलाबाळांच्या जिवाची आहे.

२०१७ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास आला. सीसीएमबीचे डॉ. तंगराज त्यातही होते. यांपैकी ८१ गट असे निघाले, की मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या आणि आपसातच लग्ने केल्याच्या खुणा त्यांच्या डीएनएत फार ठळक होत्या. फिनलंडचे लोक आणि युरोपातील अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक. यांत सर्व धर्मांतला जातजमातीचा बंदिस्तपणा आला. आपली बिरादरी त्याला अपवाद कशी असेल?

वर्तुळ लहान असले की काय होते? प्रत्येकाच्या डीएनएत काही सदोष जनुके लपलेली असतात. जोडीतले दुसरे जनुक चांगले असल्याने त्रास होत नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात. पण आईवडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मूल आजारी होण्याची असते. सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांची जनुके सरासरी एक अष्टमांश सारखी असतात. म्हणून एकच दोष दोघांत असण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या घराचे सगळे दिवस रक्ताच्या पिशवीवर मोजले जातात.

गेल्या वर्षी आमच्या लेकीसाठी तिच्या खालाच्या मुलाचे स्थळ आले. मुलगा गुणी, घर पाहिलेले. आम्ही एवढेच म्हणालो, की आधी दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करू. धाकटी बहीण रुसली. "आपा, हमारे खून में खोट ढूंडते क्या?" महिनाभर फोन बंद. शेवटी तिचा मुलगाच म्हणाला, "अम्मी, सुई तर टोचायची आहे." मुलाचा अहवाल चांगला आला. वाहक निघाली आमची लेक. मग आम्ही स्वतः रक्त दिले, तेव्हा कळले की हे जनुक तिला आमच्याकडूनच गेले आहे. खोट कुणाची, हा प्रश्न तिथेच संपला. बहीण दुसऱ्या दिवशी घरी आली आणि स्वतःची व दोन्ही मुलींची तपासणी करून गेली. दोघांतला एकच वाहक असल्याने थॅलेसेमिया मेजरची भीती नाही, पण नात्यातल्या लग्नात इतर आजारांचाही विचार करावा लागतो, असे डॉक्टरांनी समजावले. निर्णय आम्ही मुलांवर सोडला आहे. ती विचार करत आहेत.

तपासणी अवघड नाही. रक्ताची साधी मोजणी आणि हिमोग्लोबिन ए-टूचे प्रमाण पाहतात. ते साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर वाहक असण्याची शक्यता असते. अंगात लोह कमी असेल तर आकडा फसवू शकतो, म्हणून अहवाल डॉक्टरांनाच दाखवावा. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; चौकशी तिथून सुरू करता येईल. वाहक असणे हा आजार नाही, ऐब तर मुळीच नाही.

"हे सगळे दीनच्या विरुद्ध तर नाही ना?" असे कुणी विचारते. इराणमध्ये १९९७ पासून आणि सौदी अरेबियात २००४ पासून निकाहापूर्वी अशी तपासणी सक्तीची आहे. शरीअतने नात्यातले लग्न जायज ठेवले आहे, फर्ज केलेले नाही. आणि सूरह अल-हुजुरातमध्ये कौमे व कबिले कशासाठी केले ते सांगितले आहे: एकमेकांची ओळख पटावी म्हणून. मोठेपणा तकव्यात ठेवला आहे, वंशात नाही.

तेव्हा यापुढे स्थळ आले की आडनाव, बिरादरी आणि शजरा विचारण्याआधी दोन गोष्टी विचारू या. मुलगा-मुलगी स्वभावाने कशी आहेत? आणि रक्त तपासले आहे का? वर्गात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलालाही आता आम्ही सांगतो, "बेटा, तुझे एक हजार चोवीस पूर्वज. त्यांतले बरेचसे इथलेच, कदाचित तुझ्या बाकावरच्या मित्राचेही."