‘टेरी’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ व व्युत्पत्ती

‘सोलापूर टेरी टॉवेल’ यास २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. नावातील ‘सोलापूर’ व ‘टॉवेल’ हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘टेरी’चा अर्थ मात्र सहसा कोणी विचारत नाही. टेरिकॉट, टेरिलीन हे शब्द मराठीत रुळलेले असल्याने ‘टेरी’ म्हणजे कृत्रिम धाग्याची भेसळ, असा समज सहज होऊ शकतो. सुती मालाच्या दृष्टीने हा गैरसमज नुकसानकारक होय.

वस्तुतः या दोहोंचा परस्परसंबंध नाही. टेरिलीन या धाग्याचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी लावला. त्यातील ‘टेरि’ टेरेफ्थॅलिक आम्लावरून आला असून त्याचे मूळ टेरेबिंथ या वृक्षाच्या नावापर्यंत जाते. ‘टर्पेंटाइन’ हा शब्दही त्याच कुळातला.

टॉवेलवरील ‘टेरी’ धाग्याचा प्रकार सांगत नाही, विणीचा प्रकार सांगतो. कापडाच्या पृष्ठभागावर उभे राहिलेले, न कापलेले लूप म्हणजे टेरी. तेच कापले की मखमलीसारखा पोत येतो. या विणीत दोन ताणे असतात, एक घट्ट व एक सैल. दोन आडवे धागे विणलेल्या कापडापासून किंचित अंतरावर ठेवले जातात. तिसरा धागा पडताच फणीचा पूर्ण ठोका बसतो व तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात. घट्ट ताणा जागीच राहतो. सैल ताणा त्यांच्यासोबत ओढला जाऊन लूप तयार होतात. पाणी शोषले जाते ते प्रामुख्याने या लूपांमुळे.

शब्दाची व्युत्पत्ती मात्र निश्चित नाही. ‘ओढलेला’ या अर्थाच्या ‘तिरे’ या फ्रेंच शब्दापासून तो आला असावा, असे कोशकार ‘कदाचित’ हा शब्द जोडूनच नोंदवितात. वरील विणीशी हा अर्थ चपखल जुळतो, तथापि तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कारण ‘टेरी’ हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो, तर यंत्रावर विणलेला टेरी टॉवेल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हेन्री क्रिस्टी यांनी तुर्कस्तानातून आणलेल्या नमुन्याच्या आधारे, इंग्लंडमध्ये तयार होऊ लागला. त्यामुळे ‘ओढलेला’ हा अर्थ टॉवेलावर नव्हे, तर त्याआधीच्या लूपदार कापडांवर तपासून पाहावा लागतो.

मराठी घरांतील ‘टर्किश टॉवेल’ या नावात तो तुर्की नमुना अद्याप टिकून आहे.