घाम वाळतो तोवर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, मुंबईचा ३४च्या आसपास राहतो. तरीही नागपुरात कूलरसमोर दुपारची झोप लागते आणि मुंबईच्या चाळीत पंख्याखालीही जीव कासावीस होतो. याचं कारण हवेतल्या बाष्पात आहे.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. हवा त्वचेहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून जास्त तापली की शरीराला थंड होण्याचा हा एकच मार्ग उरतो. कूलरमधलं ओलं गवत किंवा वाळा हवेसाठी हेच काम करतो.

हवा अशी किती गार होऊ शकते, हे वेट बल्ब तापमान सांगतं. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की हा आकडा मिळतो. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर तो २४च्या जवळ येतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला मात्र २९वरच अडतो. म्हणून कोकणपट्टीत कूलर लावला, तर खोलीतला दमटपणाच वाढतो.

विदर्भ-मराठवाड्यात कूलर खिडकीत बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत बाष्प साठतं आणि गारवा संपतो. हवा चाळिशीपार गेल्यावर नुसता पंखा अंगावर गरम झोत सोडतो. अशा वेळी अंगावर ओलं कापड घेऊन पंखा लावावा. किनाऱ्यावर उलट, पंखा आणि वारा खेळतं घर हाच आधार. पत्र्याच्या छपराला पांढरा रंग किंवा चुना दिला, तर ऊन बरंचसं परत फेकलं जातं. हा उपाय दोन्हीकडे चालतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानातील कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. त्यामुळे हवामानाच्या बातमीत तापमानाइतकीच आर्द्रताही पाहा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा बेशुद्ध पडलं, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नका.