कर्करोगानंतर पुन्हा सायकलवर

मुंबई, बार्शी किंवा छत्रपती संभाजीनगर येथील उपचार संपवून रुग्ण नांदेड-लातूरला घरी परततो, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण मायेने एकच सल्ला देतो, 'आता पूर्ण विश्रांती घ्या.' एकेकाळी रोज पहाटे बाहेर पडणाऱ्याची सायकल मग जिन्याखाली धूळ खात पडते. सल्ला प्रेमापोटी दिलेला असला, तरी बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो.

उपचारांनंतरचा थकवा नेहमीच्या दमणुकीसारखा नसतो. तो झोपेने जात नाही. सतत पडून राहिल्यास स्नायू झडतात, हृदयाची क्षमता घटते आणि चार पावले चालले तरी दम लागतो. हे दुष्टचक्र मोडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांवर प्रामुख्याने कॅनडा व ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही रोगमुक्त होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के होते. हा निष्कर्ष एकाच प्रकारच्या कर्करोगाचा आहे. मात्र थकवा कमी होण्याचा लाभ इतर कर्करोगांतही दिसून आला आहे.

आधी तपासणी, मग सायकल

सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते आणि श्रम कमी-जास्त करता येतात. मात्र, कोणते उपचार झाले यावर सुरुवात अवलंबून असते. काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो. अशा रुग्णांनी टूडी इको करून डॉक्टरांची परवानगी घ्यावी. हिमोग्लोबिन व प्लेटलेट्स कमी असताना रस्त्यावर उतरू नये. काही औषधांमुळे हातापायांना मुंग्या येतात व बधिरता जाणवते. त्यामुळे ब्रेकवरची पकड सुटू शकते. स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येत असल्यास हँडल उंच करून घ्यावे. तंबाखू-गुटख्यामुळे मराठवाड्यात मुखकर्करोगाचे रुग्ण बरेच आहेत. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा खांदा दुबळा होतो, तर रेडिओथेरपीमुळे तोंडाला कोरड पडते. खांद्याचे व्यायाम आणि सोबत पाण्याची बाटली त्यांना अत्यावश्यक आहे. कर्करोग हाडांत पसरला असल्यास पडण्याचा धोका पत्करू नये. घरातील स्थिर सायकलही डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

दहा मिनिटांपासून सुरुवात

पहिले काही आठवडे दहा मिनिटे चालणे किंवा स्थिर सायकल पुरेशी आहे. तोल सावरता येऊ लागला, की सपाट, निर्मनुष्य नसलेल्या पण कमी वर्दळीच्या रस्त्यावर कोणाला तरी सोबत घेऊन निघावे. सायकल चालवताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतकाच वेग ठेवावा. आधी वेळ वाढवावा, वेग नंतर. आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे असा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१९ मध्ये केली आहे.

एप्रिल-मेमध्ये या दोन्ही शहरांत पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे सूर्य वर येण्यापूर्वीच घरी परतावे. छातीत दुखणे, धडधड, चक्कर, ताप किंवा हाडांत नव्याने वेदना जाणवल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावे.

सायकल आणि कर्करोग म्हटले, की लान्स आर्मस्ट्राँगचे नाव निघते. १९९६ मध्ये त्याला कर्करोगाचे निदान झाले आणि १९९९ पासून त्याने सलग सात वेळा 'टूर द फ्रान्स' जिंकली; परंतु उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे २०१२ मध्ये ती सर्व विजेतेपदे काढून घेण्यात आली. घरच्या सायकलस्वाराने त्याच्याशीच काय, स्वतःच्या जुन्या वेगाशीही तुलना करू नये. किती मिनिटे सायकल चालवली, किती थकवा आला, याची वहीत रोज नोंद ठेवावी आणि पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांना दाखवावी. मागच्या महिन्यापेक्षा दोन मिनिटे अधिक, हीच खरी प्रगती होय.