गोजी, लिंबू आणि नानांची गोळी

थुवालला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. जेद्दाच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, तांबड्या समुद्राकाठचं हे गाव. २००९ साली इथे किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झालं आणि आमच्यासारखी कुटुंबं इथे राहायला आली. घरामागे छोटंसं अंगण मिळालं, मग सोलापूरच्या माहेरची सवय मला कुठली गप्प बसू देते!

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मी पहिल्या दिवसापासून हिशेबाची वही ठेवली. कुंड्या, माती, खत, हिरवी जाळी आणि रोपं मिळून पहिल्या वर्षी ४३० रियाल गेले. लिंबू, डाळिंब, कढीपत्ता आणि गोजी अशी खरेदी होती. गोजी म्हणजे चीनच्या निंगशिया प्रदेशात मोठ्या प्रमाणावर होणारी लालचुटूक फळं. झुडूप टोमॅटो-वांग्याच्या कुळातलं आणि खारवट जमीन बऱ्यापैकी सोसणारं. त्याचा काटेरी भाऊबंद, औसज, इथल्या वाळवंटात आपोआप उगवतो.

तरी पहिल्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. पाणी कमी पडतंय असं समजून मी दिवसातून दोनदा थोडं थोडं घालत होते. खरं कारण मातीवरच्या पांढऱ्या खपलीत होतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ते खतातून येतात, समुद्राच्या वाऱ्याबरोबरही येतात. आता मी कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत भरपूर घालते, म्हणजे क्षार धुऊन जातात. मातीवर वाळक्या पानांचा थर आणि उन्हाळ्यात वर जाळी. भारतातून मात्र परवानगीशिवाय रोपं किंवा माती आणू नका. कीड-रोगांमुळे त्याचे नियम कडक आहेत.

तिसऱ्या वर्षी गोजीला दोन वाट्या फळं आली. तेव्हा नाना, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे आले होते. गोजीत झियाझँथिन असतं, तेच आपल्या डोळ्याच्या पडद्यातही असतं, असं मी वाचलेलं. नानांच्या डोळ्यांना बरं म्हणून रोज सकाळी देऊ लागले. झाडावरची संपली तेव्हा वाळलेली विकत आणली.

पंधरा दिवसांनी दात घासताना नानांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. हृदयाच्या त्रासामुळे ते रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतात. तपासणीत आयएनआर बराच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काय खाताय?" नाना म्हणाले, "औषध काही नाही, सूनबाई घरची फळं देते." डॉक्टरांनी गोजी त्याच दिवशी बंद केली. केवळ गोजीमुळेच झालं असं ते म्हणाले नाहीत; पण वॉरफरिनबरोबर गोजी घेतल्यावर असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत २००१ पासून आहेत. आठवड्याभरात आकडा पूर्ववत झाला. माझ्या जिवात जीव आला.

म्हणून सांगते, घरचं म्हणजे निर्धोक असं धरून चालू नका. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्याही एकदम वाढवू-कमी करू नयेत, कारण त्यांतलं 'के' जीवनसत्त्व उलट दिशेने काम करतं. डाळिंबाच्या रसाबद्दलही आधी डॉक्टरांना विचारावं. आई-वडील इकडे येतील तेव्हा त्यांच्या गोळ्यांची यादी स्वयंपाकघरात लावून ठेवा.

आता वहीचा निकाल. दोन वाट्या गोजी फार महाग पडली. बचत म्हणून ती लावू नका. लिंबं आणि कढीपत्ता मात्र तिसऱ्या वर्षापासून क्वचितच विकत आणावा लागला. गोजीचं झुडूप मी काढलेलं नाही. आम्ही दोघं मूठभर खातो. नाना सोलापूरहून फोनवर विचारतात, "लिंबाला किती लागलीत गं?" आणि मी आधी विचारते, "नाना, आयएनआर केलात का?"